मुंगेरचे बंदूक कारागीर

बंगालचा नवाब मीर कासीम याने ईस्ट इंडिया कंपनीच्या जाचातून मोकळे होण्यासाठी आपली राजधानी मुर्शिदाबादहून बिहारमधील मुंगेरला हलवली आणि गुर्गीन खान या आर्मेनियन सेनानीच्या देखरेखीखाली तेथे तोफा-बंदुका घडवण्यास सुरुवात केली. 1763 साली मुंगेर कंपनीच्या हाती पडले. नवाब गेला, पण कारागीर राहिले आणि त्यांचे कसब पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले.

या कसबाशी प्रत्येक राजवटीने आपल्या वर्गहितानुसारच व्यवहार केला. लिटनच्या 1878 च्या शस्त्रकायद्याने भारतीय जनतेला निःशस्त्र केले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती! स्वातंत्र्यानंतर 1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सार्वजनिक क्षेत्रासाठी राखून ठेवली, हे योग्यच झाले. मुंगेरच्या छोट्या परवानाधारक कारखान्यांकडे उरली ती 12 बोअरची एकनळी आणि दुनळी बंदूक, तीही सरकारने ठरवून दिलेल्या कोट्यापुरती. पुढे नागरिकांना बंदुकीचे परवाने मिळणे कठीण होत गेले, तशी मागणी आटली. नळी आतून तासून गुळगुळीत करणे, चाप व घोडा जुळवणे, लाकडी दस्ता कोरणे ही कामे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसल्यावाचून येत नाहीत. ती ज्यांना येतात त्यांच्यावरच बेकारी कोसळली.

अशा बेकार हातांना काम देण्यास गुन्हेगारी टोळ्यांचे दलाल पुढे आले. चोरून बनवलेले कट्टे आणि पिस्तुले कोणाच्या कामी येतात याविषयी भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. बिहारमध्ये जमीनदारांच्या खासगी सेनांच्या बंदुका भूमिहीनांवरच चालल्या आहेत. 1997 साली लक्ष्मणपूर-बाथे येथे 58 दलितांची हत्या झाली आणि 2013 साली पाटणा उच्च न्यायालयाने या खटल्यातील 26 आरोपींची निर्दोष मुक्तता केली. उलट शस्त्रकायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवणाऱ्यास किमान सात वर्षांची शिक्षा ठरवली. कमाल शिक्षा जन्मठेपेची. छाप्यात हाती लागतो तो भात्याजवळ बसलेला मजूर. माल उचलणारा व्यापारी आणि त्याचा राजकीय आश्रयदाता सहसा दूरच राहतात. 2018 मध्ये मुंगेरजवळ एके-47 रायफली सापडल्या, एका विहिरीतूनही काही निघाल्या, तेव्हा शहरातील सगळ्या कारागिरांची बदनामी झाली. त्या रायफली जबलपूरच्या लष्करी भांडारातून बाहेर पडल्याचे तपास यंत्रणांचेच म्हणणे होते.

मग सरकारला या कसबाची गरज नाही काय? गरज आहे, पण ती मक्तेदारांच्या नफ्यासाठी. संरक्षण उत्पादन 2001 मध्ये खासगी भांडवलास खुले झाले. 2020 मध्ये स्वयंचलित मार्गाने येणाऱ्या परकीय भांडवलाची मर्यादा 74 टक्क्यांपर्यंत गेली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी 41 आयुध निर्माणींचे सात कंपन्यांत तुकडे करण्यात आले. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, अंबाझरीपासून इछापूर, कानपूरपर्यंतच्या कामगारांनी संपाचा इशारा दिला, तेव्हा संसदेत संपबंदीचा कायदा करून घेण्यात आला. त्याची मुदत एका वर्षाची होती. कंपनीकरण मात्र कायम राहिले. राष्ट्रसुरक्षेच्या नावाखाली कामगाराचा संपाचा हक्क काढून घ्यायचा आणि त्याच राष्ट्रसुरक्षेचे उत्पादन परकीय भागीदारांना खुले करायचे, असे हे धोरण आहे.

मुंगेरच्या कारागिराला दयेची भीक नको, काम हवे. परवानाधारक कारखान्यांतील कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या कराव्यात. त्यांच्या हाताची परीक्षा घेऊन आयुध निर्माणींत भरती द्यावी. लगतच्या जमालपूर येथील 1862 पासूनच्या रेल्वे कारखान्यात सुट्या भागांची कामे त्यांच्याकडे वळवावीत. दलाल व आश्रयदाते यांच्यावर खटले भरण्याची मागणीही याच्या जोडीला आली पाहिजे. संरक्षण कामगारांच्या संघटनांनी कंपनीकरण रद्द करण्याच्या मागणीपत्रात मुंगेरचा हा प्रश्न समाविष्ट करावा आणि बिहारमधील पक्षशाखांनी तो कारखान्यांच्या दारापर्यंत न्यावा.