पार्श्वसंगीताचे अनामिक मानकरी

ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर या नाट्यगृहांच्या जाहिराती चाळल्या, तर जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांची वाण नाही हे सहज ध्यानात येते. जाहिरातीत गायकाचे नाव ठळक असते, संगीतकाराचे त्याखालोखाल आणि गीतकाराचे नशिबात असेल तर. परंतु ज्या व्हायोलिनच्या लाटेवर ते गाणे उचलले जाते, ती लाट कागदावर कोणी लिहिली, याचा उल्लेख कोठेही आढळत नाही. गीताची ही अवस्था, मग पार्श्वसंगीताविषयी काय बोलावे? अडीच तासांच्या चित्रपटात गाणी अर्धा-पाऊण तासाची. उरलेल्या वेळात प्रेक्षकाला हसविणारे, दचकविणारे आणि त्याच्या नकळत डोळ्यांत पाणी आणणारे संगीत तबकडीवरही क्वचितच आले. चित्रपटगृहाचे दिवे लागले की ते विरून जात असे.

मराठी चित्रपटाने या प्रश्नाचा विचार फार लवकर केला होता, हे आज विस्मृतीत गेले आहे. 1937 साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्यच केले. घड्याळाचे ठोके, घरातली आणि रस्त्यावरची आवाजांची ये-जा, प्रसंगातच हजर असलेला ग्रामोफोन एवढ्यावर त्यांनी निभावले. संगीत कोठे नको, हे ज्याला कळते त्यालाच ते कोठे हवे हे कळते. भोळ्यांच्या या संयमाची नीट चर्चा मराठीत व्हावी तेवढी झालेली नाही.

‘प्रभात’मध्ये उमेदवारी करून पुढे ‘राजकमल’चा आधारस्तंभ झालेले वसंत देसाई हे या परंपरेतील सर्वांत मोठे नाव मानावे लागेल. ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) यांतील गाणी घरोघरी पोहोचली. परंतु देसायांची खरी परीक्षा पाहावयाची तर गुलजार यांचा ‘अचानक’ (1973) पाहावा. त्यात एकही गाणे नाही. संगीतकाराच्या हातून त्याचे हुकमी हत्यारच काढून घेतलेले, आणि तरीही चित्रपट संगीतावाचून उभा राहिला असता असे म्हणवत नाही. दोनच वर्षांनी, डिसेंबर 1975 मध्ये, लिफ्टच्या अपघातात देसायांचा अंत झाला.

गाण्यांवाचून चित्रपट काढण्याचे धाडस बी. आर. चोप्रा यांनी त्याआधी ‘कानून’मध्ये केले होते आणि पार्श्वसंगीताचा भार सलील चौधरी यांच्यावर टाकला होता. वर्ष होते 1960. त्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड हर्मन यांनी ‘सायको’साठी केवळ तंतुवाद्यांचा ताफा वापरून प्रेक्षकांना खुर्चीत खिळवून टाकले. हर्मन यांच्या त्या संगीताची स्वरलिपी आज अभ्यासाला मिळते, त्यावर पुस्तके निघतात, सिंफनी वाद्यवृंद ते मैफलीत वाजवितात. ‘कानून’मधील एखादे पान कोणा विद्यार्थ्याने अभ्यासासाठी मागितले, तर त्याला दाराकडेच बोट दाखविले जाईल.

असे का व्हावे? याचे उत्तर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील श्रमविभागणीत आहे. संगीतकार चाल बांधी. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी काय वाजवावयाचे याचा आराखडा तयार करणारा संयोजक निराळा असे, आणि तो पुष्कळदा गोव्याचा असे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांनी खेडोपाडीच्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले. ती विद्या घेऊन माणसे पोटासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांतील जाझच्या ताफ्यांतून चित्रपटात शिरली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मागे (1951) ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यमेळाची सुमारे दोन तपे उभारणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा होते. फ्रँक फर्नांड यांनी तर याच व्यवसायातील कमाईवर ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कोंकणी चित्रपट उभे केले. श्रेयनामावलीत या मंडळींचे नाव आले तर ‘साहाय्यक’ म्हणून, नाही तर मुळीच नाही.

या सर्वांत माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा सर्वांत विलक्षण. चित्रपटासाठी दिवसभर वाजवून आणि लिहून झाल्यावर हा मनुष्य रागदारीवर आधारलेल्या सिंफनीची स्वप्ने पाहत असे. 1958 साली त्यांनी शंभराहून अधिक वादक जमवून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात जाहीर मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पाठीशी ना सरकार होते, ना कोणी शेठ. तो प्रयोग टिकला नाही. साठोत्तरीच्या मध्यास गोन्साल्विस अमेरिकेस गेले, परतल्यावर गावी शांतपणे राहिले आणि 2012 साली निवर्तले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव त्यांनी गाण्यात गुंफले. ते गाणे लग्नाच्या वरातीत बँडवर आजही वाजते. त्या नावाचा खराखुरा माणूस होऊन गेला हे वाजविणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि नाचणाऱ्यालाही.

वाद्यवृंदांच्या ऱ्हासाचे खापर बहुधा रसिकांच्या घसरलेल्या अभिरुचीवर फोडले जाते. ते न्याय्य नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली दाखवून दिले, की यंत्रामुळे कापडगिरणीतील मजुराची उत्पादकता वाढते, पण चार वादकांची रचना दीडशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेत होती तेवढाच आजही घेते, आणि तिला माणसेही चारच लागतात. इतरत्र वेतन वाढले की वादकालाही वाढवून द्यावे लागते. उत्पादकता मात्र जागच्या जागी. म्हणजेच जिवंत संगीत काळाच्या ओघात इतर वस्तूंच्या तुलनेत महागच होत जाते. त्यात कोणाचा लोभ किंवा दुष्टावा असावाच लागतो असे नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि एका माणसाची दहा बोटे तीस व्हायोलिनांची नक्कल करू लागली. निर्मात्याने साधी वजाबाकी केली. त्यानंतर प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करण्याचे तंत्र रुळले आणि शंभर माणसांनी एका दालनात एकाच वेळी श्वास रोखून वाजविण्याची गरजच संपली. आवाज अधिक स्वच्छ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त त्यातील माणसांचा परस्परांशी चाललेला संवाद गेला.

या पार्श्वभूमीवर 2016 च्या ‘सैराट’कडे पाहावे. अजय-अतुल यांनी या मराठी चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन तेथील पूर्ण वाद्यवृंद वापरला. त्यावर उधळपट्टीची टीका करणे सोपे आहे. परंतु करमाळ्याच्या मातीतल्या दोन मुलांच्या प्रेमाला एवढा मोठा स्वर देण्याची हिंमत मराठी संगीतकारांनी दाखविली, ही गोष्ट अभिमानाचीच म्हटली पाहिजे. शिवाय शेवटच्या प्रसंगात, जेथे वाद्यांचा कल्लोळ करण्याचा मोह कोणालाही व्हावा, तेथे ध्वनीच काढून घेतला आहे. ‘कुंकू’चे वळण ऐंशी वर्षांनी पुन्हा दिसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्या मुंबईत दोन पिढ्यांपूर्वी असे ताफे रोज भरत, तेथील संगीतकारांना त्या नादासाठी महासागर ओलांडावा लागला. नरीमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात 2006 पासून सिंफनी वाद्यवृंद आहे, पण त्यातही परदेशी वादकांची संख्या मोठी आहे.

शासनदरबारी पार्श्वसंगीताला न्याय मिळण्यास बराच विलंब लागला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यासाठी नियमित स्वतंत्र पारितोषिक 2009 च्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि ते पहिल्यांदा इळयराजा यांना मिळाले. संयोजकासाठी आणि वादकासाठी अद्याप स्वतंत्र पारितोषिक नाही. दिल्लीत ते निघेल तेव्हा निघो, नाट्यगृहांच्या भाड्याचा प्रश्न मात्र ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या हातातला आहे. सध्या गाण्यांच्या अनेक कार्यक्रमांत आधीच तयार केलेली धून यंत्रावर लावतात आणि गायक तिच्यावर गातो. आयोजकाला ते परवडते, प्रेक्षकही दोन घटका रमतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कार्यक्रमाच्या प्रकाराप्रमाणे भाडे वेगळे लावण्याची पद्धत नाट्यगृहांना नवीन नाही. मग रंगमंचावर दहा-बारा वादक प्रत्यक्ष बसणार असतील, तर त्या कार्यक्रमाला भाड्यात ठळक सवलत का असू नये? महापालिकेच्या उत्पन्नात त्याने पडणारी तूट किरकोळ असेल. वादकाच्या घरखर्चाच्या दृष्टीने मात्र महिन्यातले दोन कार्यक्रम वाढणे ही किरकोळ बाब नव्हे. सवलतीबरोबर एकच अट घालावी: निवेदकाने प्रत्येक गाण्याच्या संयोजकाचे नाव, ते ज्ञात असेल तेथे, सांगितलेच पाहिजे.

दुसरे काम त्याहून तातडीचे आहे. संयोजकांनी हाताने लिहिलेली स्वरलिपी ध्वनिमुद्रण आटोपल्यावर जपून ठेवण्याची शिस्त या व्यवसायात नव्हती. जी थोडी पाने शिल्लक असतील, ती निवृत्त वादकांच्या घरी, पलंगाखालच्या पेटीत किंवा माळ्यावर असणार. मुंबईतील जागेचे भाव पाहता त्यातील काही घरे आता याच मध्य रेल्वेच्या पट्ट्यात असल्यास नवल नाही. घराची डागडुजी निघाली, की असले कागद प्रथम रद्दीत जातात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. दुर्मिळ पोथ्या आणि नियतकालिके जपण्याचा अनुभव या संस्थांपाशी आहे. पाच रेघांवर लिहिलेले कागद हीसुद्धा ग्रंथालयाने स्वीकारावयाची वस्तू आहे, असा ठराव त्यांच्या कार्यकारिणीने करावा आणि तो दर्शनी फलकावर लावावा. एखाद्या वादकाची मुलगी गठ्ठा घेऊन आली, तर तो कोणत्या शीर्षकाखाली दाखल करून घ्यावयाचा, एवढे तरी ग्रंथपालाला आधी माहीत असले पाहिजे.