प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि हातातले काम

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडवणारे पॉवर प्रेस आहेत. समजा, अशा एका प्रेसमध्ये तरुण कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. जखम भरली, पण यंत्रावरचे काम सुटले. पदवी होती, म्हणून त्याने विद्यापीठातील लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. टंकलेखन चाचणीला जादा वेळ मागितला, तर उत्तर मिळाले, ‘प्रमाणपत्रावर ४० टक्के नाहीत, सवलत नाही.’ उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला गोंधळ खरा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आरक्षण. सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखीव असतात आणि त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. दुसरी गोष्ट ‘वाजवी सोय’, म्हणजे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेला आवश्यक बदल. संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच त्याला मर्यादा आहे. ४० टक्क्यांची अट तिथे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात हे स्पष्ट केले. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लिहिताना हातात पेटके येत. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

टक्केवारी जास्त असली की उलटा अन्याय होतो. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाणीदोष ४० टक्क्यांहून अधिक म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, ते मंडळाने तपासावे.

वैद्यकीयदृष्ट्याही हेच योग्य आहे. टक्केवारी शरीरातील उणीव मोजते, काम मोजत नाही. पोलिओमुळे पाय अधू झालेल्या ग्रंथपालाच्या टेबलावरच्या कामात काही अडत नाही. त्याला अडवतो तो लिफ्ट नसलेला दुसरा मजला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचे हातपाय सकाळी ठीक चालतात, दुपारी उन्हात थकवा येतो. त्याची तासिका सकाळी ठेवली की प्रश्न सुटतो. सिकलसेलच्या कर्मचाऱ्याला पाणी, विश्रांती आणि वेदनेच्या दिवसांत रजा लागते. दृष्टिहीन प्राध्यापकाला स्क्रीन रीडर पुरतो. यातल्या बऱ्याच सोयींना पैसा कमी आणि समजूतदारपणा जास्त लागतो.

सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर? राज्य विद्यापीठे कायद्याने स्थापन झालेली असल्याने कलम २० त्यांना लागू होते. पक्षाघात झाला म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. खासगी कारखान्यातील कामगाराला हे संरक्षण नाही. समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन मात्र खासगी आस्थापनांवरही आहे. ते धोरण आहे का, हे शेंद्र्यातल्या कामगारांनी विचारायला हवे.

मागणी लेखी करावी. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे, पण त्यात आजाराची सगळी कुंडली नको. काय जमते, काय जमत नाही, कोणती सोय हवी आणि किती काळासाठी, एवढे पुरे. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते.

काही जण खोटी प्रमाणपत्रे मिळवतात, हे खरे आहे. त्यावर उपाय काटेकोर तपासणीचा आहे. खऱ्या गरजूची सोय अडवून खोटी प्रमाणपत्रे थांबत नाहीत. दोन बोटे गमावलेल्या त्या तरुणाला चाचणीत गुण वाढवून नको आहेत. उरलेल्या आठ बोटांनी तो किती काम करतो, ते पाहायला थोडा वेळ द्या, एवढेच तो मागतो आहे.