स्पावरचा छापा आणि गिऱ्हाईक

स्पा किंवा मसाज पार्लरवरच्या छाप्याची रीत ठरलेली आहे. बनावट ग्राहक आत जातो, खुणेच्या नोटा देतो, इशारा होताच पंचांसह पथक शिरते. त्या क्षणी टेबलावर पाठदुखीसाठी पालथा पडलेला माणूसही तिथेच सापडतो. त्याचे काय?

1956च्या 'पिटा' म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा रोख मुख्यतः कुंटणखाना चालवणारे, दलाल आणि त्या कमाईवर जगणारे यांच्यावर आहे. मात्र कलम 7नुसार देवळापासून, शाळेपासून वा रुग्णालयापासून दोनशे मीटरच्या आत वेश्याव्यवसाय झाला, तर गिऱ्हाईकही तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात जाऊ शकते. आपल्या शहरांत असे अंतर राखणारी गल्ली शोधून दाखवावी! इतरत्र ग्राहकाला गुन्हेगार धरावे का, यावर उच्च न्यायालयांतच एकमत नाही. मुलगी अल्पवयीन असेल, तर 'पॉक्सो' हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागतो. तस्करीतून आणलेल्या बाईचे शोषण जाणूनबुजून करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 144खाली किमान तीन वर्षांची कैद आहे, आणि ती योग्यच आहे.

पण नुसत्या मालिशसाठी आलेल्याला त्याच ओळीत उभे करून मोबाइलवर चित्रीकरण करणे कोणत्या कलमात बसते? कोण कुठे, कोणत्या स्थितीत सापडला, हे पंचनाम्यात स्वच्छ नोंदवावे. ग्राहकानेही पावती जपावी, न वाचता सही करू नये आणि वकिलाला फोन करू देण्याची मागणी करावी. 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवले, तर तो वेगळाच गुन्हा होतो.