ग्लिसरिनचे अश्रू

मूकपटांच्या जमान्यातला सर्वांत गंभीर काउबॉय म्हणजे विल्यम एस. हार्ट. दगडी चेहरा, कमरेला दोन पिस्तुले आणि ऐन मोक्याला डोळ्यांतून ओघळणारा थेंब. १९२२ मध्ये बस्टर कीटनने 'द फ्रोजन नॉर्थ' या दोन रिळांच्या फिल्ममध्ये त्या थेंबाची पार रया घालवली. कीटन घरी येतो, बायको परक्याच्या मिठीत दिसते, गालांवरून ग्लिसरिनचे ओघळ वाहू लागतात. तो दोघांनाही गोळ्या घालतो आणि मग त्याच्या ध्यानात येते, की हे घर आपले नाही आणि बायकोही आपली नाही! हार्टला हे इतके झोंबले, की त्याने कीटनशी बराच काळ अबोला धरला, असे सांगतात.

हार्टचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला हा नट पन्नाशीच्या उंबरठ्यावर सिनेमात आला. कपडे, धूळ, ओसाड गावे खरी दिसावीत म्हणून तो जिवाचे रान करी. तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्याचा नायक मात्र थेट कीर्तनाच्या उत्तररंगातून उतरल्यासारखा असे. पापी पुरुष, साध्वी तरुणी, शेवटी पश्चात्ताप.

थट्टा काही कीटनने सुरू केली नव्हती. एसाने कंपनी एकीकडे 'ब्राँको बिली'चे शौर्य विकत होती आणि १९११ पासून दुसरीकडे 'अल्कली आइक' नावाच्या बुटक्या, बढाईखोर काउबॉयची फजितीही विकत होती. गल्ला दोन्हींवर जमे. अशा सगळ्याच फिल्म आज कौतुकाने पाहाव्यात असेही नाही. फॅटी आर्बकलच्या 'आउट वेस्ट'मध्ये (१९१८) खलनायकाला गोळी लागत नाही, डोक्यावर बाटल्या फोडल्या तरी ढिम्म, पण गुदगुल्या केल्या की तो शरण येतो. कल्पना झकास आहे. त्याच दारूच्या गुत्त्यात एका काळ्या माणसाच्या पायांशी गोळ्या झाडून त्याला नाचवले जाते आणि तोही विनोदच समजायचा! एक तरुणी पुढे होऊन हा प्रकार थांबवते खरी, पण तोवर प्रेक्षकांना हसवून झालेले असते.

म्हणून विल रॉजर्स वेगळा काढायला हवा. तो काउबॉयचे सोंग आणणारा नट नव्हता, तर दोर फेकून गुरे धरण्यात वाढलेला, वडिलांच्या रँचवरचा पोर होता. शिवाय तो चेरोकी. आजच्या ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, १८७९ चा त्याचा जन्म. चेरोकींची सामाईक जमीन सरकारने माणशी तुकडे पाडून वाटली, तेव्हा त्याच्या वडिलांच्या अफाट रँचचेही तुकडे झाले.

१९२३ मध्ये पॅरामाउंटचा 'द कव्हर्ड वॅगन' आला. पश्चिमेकडे निघालेला बैलगाड्यांचा तांडा, त्यावर आदिवासींचा हल्ला, शूर गोरे वसाहतकार. देशभर जयजयकार झाला. लगेच पुढच्या वर्षी हॅल रोचच्या कंपनीतून रॉजर्सची फिल्म आली. नाव 'टू वॅगन्स, बोथ कव्हर्ड'. तांडा म्हणजे मोजून दोन गाड्या. नायक रॉजर्स आणि त्याचा सोबतीही रॉजर्सच. कॅलिफोर्नियात पोचल्यावर या तांड्यावर हल्ला होतो, पण तो करणारे इंडियन नव्हेत, जमिनीचे दलाल! लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा प्लॉटविक्रीला ऊत आला होता, त्यामुळे प्रेक्षक खदखदून हसले असणार. ज्याच्या घरच्या जमिनीची सरकारी कागदावर वाटणी झाली, त्या माणसाने हल्लेखोराच्या जागी दलाल उभा करावा, यातली खोच त्यांतल्या किती जणांना लागली असेल, याबद्दल शंका आहे. रॉजर्सने ती कुठेही उलगडून सांगितली नाही, आणि ते बरेच केले.

सिनेमाच्या अभ्यासक्रमांत 'द कव्हर्ड वॅगन' दीड तास बसून पाहतात, कारण तो पहिला भव्य वेस्टर्न मानला जातो. रॉजर्सच्या वाट्याला फार तर तळटीप येते. दोन्ही फिल्मवरचे अमेरिकेतले स्वामित्वहक्क आता संपले आहेत. तेव्हा आपल्या फिल्म सोसायट्यांनी पुढच्या खेपेला मोठा चित्रपट लावला, तर त्याच्या पाठोपाठ ही दोन रिळेही जरूर लावावीत. वीसेक मिनिटांचा तर मामला आहे.