बाळाला पुस्तक कोण वाचून दाखवणार?

मित्रांनो, तुमच्या घरात दीड-दोन वर्षांचं भावंड आहे का? मग आजचं पान खास तुमच्यासाठी. आई-बाबांनीही ते जरूर वाचावं.

लाखांदूर तालुक्यात पावसाळ्यात रोवणी सुरू झाली, की आई-बाबा सकाळपासून धानाच्या बांधीत असतात. बाळ घरी आजीजवळ आणि शाळा सुटली की तुमच्याजवळ. अंगणवाडीत त्याचं वजन होतं, त्याच्यासाठी आहार मिळतो. पण अंगणवाडीचा रोजचा वर्ग असतो तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. म्हणजे त्याआधीच्या गाणी-गोष्टी घरीच व्हायला हव्यात. आणि घरात भराभर वाचणारं कोण? बरेचदा तुम्हीच!

‘पण एवढ्याशा बाळाला काय कळतं?’ असं कुणीतरी म्हणेलच. कळतं बरं! बाळ जन्माआधीच आवाज ऐकू लागतं. वर्षाचं बाळ दोन-चार शब्दच बोलतं, पण त्याहून कितीतरी जास्त शब्द त्याला समजतात. ‘दिवा कुठंय?’ म्हटलं की ते वर बघतं ना? भाषा आधी कानात साठते, मग तोंडातून बाहेर येते.

म्हणूनच १९९२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ‘बुकस्टार्ट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ३०० बाळांच्या घरच्यांना चित्रांची पुस्तकं भेट दिली गेली. आणि ही बाळं होती वर्षाच्या आतली!

मग वाचायचं कसं? बाळाला मांडीवर घ्या. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक असलं तर उत्तम. नसलं तर तुमचं पहिलीचं जुनं पुस्तकही चालेल. सगळ्या ओळी वाचायचा हट्ट नको. चित्रावर बोट ठेवा, नाव घ्या आणि थोडं थांबा. बाळ नुसतं ‘आं’ म्हणालं, तरी ते उत्तरच समजा आणि पुढे बोला. दोन मिनिटांत उठून पळालं तर पळू द्या. पुस्तक उलटं धरलं, कोपरा चावला, तरी रागावू नका. तेच पुस्तक दहाव्यांदा आणलं, तर दहाव्यांदा वाचा. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. पुन्हा पुन्हा ऐकूनच शब्द पक्का होतो. फक्त ‘हे काय? सांग बघू!’ अशी परीक्षा घेत बसू नका.

आता एक नाजूक गोष्ट. पुस्तकात ‘डोळा’ असतो, ‘पाणी’ असतं. आजी म्हणते ‘डोरा’ आणि ‘पानी’. मग ‘बाळाची भाषा बिघडेल’ म्हणून काही घरांत आजीलाच गप्प केलं जातं. हे बरोबर नाही. आजीची बोली म्हणजे आपली झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ती बोलली जाते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश तयार केला. बिघडलेल्या भाषेचा कुणी शब्दकोश करील का? बाळ ‘डोळा’ही शिकेल आणि ‘डोरा’ही, त्याच्याजवळ एक शब्द जास्तच होईल. आजीला अक्षरं येत नसतील, पण चित्र तर दिसतं! बैलाचं चित्र निघालं, की घरच्या बैलजोडीची गोष्ट आजीइतकी रंगवून कोण सांगणार? तुम्ही ओळी वाचा, चित्र आजीवर सोपवा.

पालकांसाठी एक गोष्ट. रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाईल देणं सोपं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांखालच्या बाळांना पडद्यासमोर बसवू नये. त्याऐवजी त्यांच्याशी बोलावं, वाचावं, गोष्टी सांगाव्यात. मोबाईल खूप बोलतो, पण बाळाचं ‘आं’ ऐकायला थांबत नाही. तुम्ही थांबता.

तेव्हा मित्रांनो, रोज रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं. यात तुमचाही फायदा आहे. मोठ्यानं वाचायचा सराव होईल, आणि अडखळलात तरी समोरचा श्रोता हसणार नाही. बाळानं आपणहून कोणत्या चित्रावर बोट ठेवलं, कोणता शब्द पहिल्यांदा उच्चारला, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. तो शब्द आजीचा असला, तर जसा ऐकला तसाच लिहा हं!