खरा रस कोणता?



नऊ वर्षांच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलो. गळ्यात चाळीस वर्षांची माळ असून गप्प बसलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या आषाढात माझी वारी चुकली. मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. नातवंडांच्या ओढीने आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. इकडे पालखी दिवे घाट चढत होती, तिकडे ऐन उन्हाळा होता. एका रविवारी मुलगा म्हणाला, "अण्णा, आज फॅमिली ट्रिप. बेटावर जाऊ." आपल्याच तीन मराठी घरांची मिळून सहल निघाली.

ईरी सरोवर म्हणायला सरोवर, पण पलीकडचा काठ दिसत नाही. बोटीने वीसेक मिनिटांत आम्ही साउथ बास बेटावर उतरलो. १८१३ साली या पाण्यात इंग्रज आणि अमेरिकन आरमारांची लढाई झाली. तिची आठवण आणि पुढे टिकलेल्या शांततेची खूण म्हणून तिथे ३५२ फूट उंच स्तंभ उभारला आहे. तो पाहून मन प्रसन्न झाले. मग सगळे म्हणाले, आता वाईनरी.

वाईनरी म्हणजे द्राक्षाची दारू गाळण्याचा कारखाना. जर्मनीतल्या बाडेनहून आलेल्या गुस्ताव्ह हाइनमन यांनी तो १८८८ साली सुरू केला. सरोवराचे पाणी उन्हाळ्यातली ऊब साठवून ठेवते आणि शरदात हळूहळू सोडते, म्हणून बेटावर कडाका उशिरा येतो आणि घड निवांत पिकतात. १८९७ साली तिथे विहीर खणताना सुमारे ४० फूट खाली एक गुहा लागली. आत चहूकडे निळसर पांढरे स्फटिक. मुले हरखून गेली आणि माझेही हात आपोआप जोडले गेले.

वर आल्यावर मोठ्यांपुढे वाईनचे पेले आले, मुलांपुढे द्राक्षाचा गोड रस. कोणी लहानाला दारू दिली नाही, कोणी वावगे वागले नाही. मुलांनी आपले पेले बापांच्या पेल्यांना भिडवले, फोटो निघाले. तेवढ्यात नातू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजोबा, मला खरं कधी मिळणार?"

सगळे हसले. माउली, त्या हसण्याशी माझे भांडण आहे.

त्या पोराच्या हातात ताज्या द्राक्षांचा रस होता. त्याला तो खोटा वाटला. बापाच्या हातातले ते खरे आणि मोठे होणे म्हणजे ते मिळणे, हा धडा त्याला कोणी शब्दांनी शिकवला नाही. पाणी, गुहा, आईबाप, हसणे, फोटो यांनी मिळून शिकवला. चव तर त्याला ठाऊकच नाही. त्याच्या मनात बी पडले ते मानाचे.

आमची शिकली-सवरलेली मंडळी म्हणतात, ही दारू नव्हे, तिथली संस्कृती आहे. असेल. त्या जर्मन घराण्याने आपल्या वाडवडिलांची विद्या जपली. मी त्यांना बोल लावणार नाही. पण मग तुमच्या वाडवडिलांनी जपलेली संस्कृती कोणती? त्यांची जपायची आणि आपली माळ विमानतळावर उतरवून बॅगेत टाकायची, याला मी संस्कृती म्हणत नाही.

दुसरे म्हणतात, वाईन नसेल तर द्राक्षवाला शेतकरी जगायचा कसा? याचे उत्तर त्याच बेटाने दिले आहे. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात हाच कारखाना द्राक्षाचा रस विकून आणि लोकांना गुहा दाखवून तगला. पुष्कळ कारखाने तेव्हा बुडाले, हेही खरे. आणि बंदीने माणसे सुधारली नाहीत, म्हणून तर ती उठली. मी बंदी मागत नाही. माळ कायद्याने घालता येत नाही, ती आपण होऊन घ्यावी लागते. पण जो रस माझ्या नातवाला खोटा वाटला, त्याच रसाने एके काळी त्या घराला जगवले, एवढे तरी त्याला कोणी सांगायला नको होते का?

हे सातासमुद्रापारचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या नाशिकला गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी अशाच सहली जातात, बाबागाड्यांसकट. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे केले होते. तासगावचा बेदाणा विकणारा शेतकरी नाही काय? नाशिकची खायची द्राक्षे बोटीत भरून परदेशी धाडणारा शेतकरी नाही काय?

आता आपल्याकडे वळतो. पिणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. मी त्या दिवशी पाणी प्यालो आणि मनात म्हणालो, मी माझा नियम पाळला. पण नियम काय फक्त घशापुरता? मुलाचा चेहरा उतरेल, त्याच्या मित्रांत आपण गावंढळ ठरू, या भीतीने मी जीभ आवरली. सोहळ्यात टाळ वाजवणारा मी एका पोराच्या प्रश्नाला भ्यालो. आपल्या पुष्कळ घरांतले आजोबा असेच भ्यालेले आहेत आणि त्याला ते समंजसपणा म्हणतात.

बोलायला कीर्तन नको होते. मुलाशी भांडणही नको होते. त्याला मांडीवर घेऊन एवढेच म्हणायचे होते, "बाळा, तुझ्या हातात आहे तेच खरं. द्राक्ष असंच असतं." मग माझा पाण्याचा पेला त्याच्या पेल्याला भिडवायचा होता.

परवा त्याला फोनवर हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तेव्हाच का नाही सांगितलं?"

माउली, तुमच्या नातवाने विचारले तर तेव्हाच सांगा.

रामकृष्णहरि.