हा सराव नव्हे!

गेल्या गणेशोत्सवाच्या आधीची गोष्ट. आमच्या बडोद्यातील एका जुन्या वाड्यात काही हौशी मंडळींच्या नाटकाची तालीम चालू होती. प्रवेश युद्धाचा होता. कुणा उत्साही तरुणाने हवाई हल्ल्याच्या खऱ्या भोंग्याचे ध्वनिमुद्रण मिळविले आणि ते कर्ण्यावरून वाजविले. शेजारच्या बिऱ्हाडातील ऐंशी वर्षांच्या आजींनी तो चढत-उतरत जाणारा आवाज ऐकला, घरातले दिवे मालवले आणि पणतूला कवटाळून त्या जिन्याखाली जाऊन बसल्या. १९७१ साली काचांना काळा कागद चिकटवलेल्या घरात त्या सूनबाई म्हणून वावरल्या होत्या. तालमीतली मुले हसली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पण घरी येताना ते हसू बोचू लागले.

चूक आजींची होती काय? संकटाची हाक ऐकताच उठावे, एवढेच त्यांना शिकविले होते आणि तेवढेच त्यांनी केले. हाक खरी की नाटकातली, हे सांगण्याची जबाबदारी हाक देणाराची असते.

हा प्रश्न आपल्या वाङ्मयाला नवा नाही. रामायणात मारीच मरताना रामाच्या आवाजात धावा करतो. ती हाक खोटी, हे लक्ष्मण ओळखतो. सीतेला मात्र ती खरीच वाटते. पुढचे सारे रामायण त्या एका खोट्या हाकेतून घडले. शब्द तेच, आवाजही तोच. मग खरेखोटे ओळखावे कसे?

‘हा सराव नव्हे’ हे वाक्य आज चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून सर्रास ऐकू येते. ते प्रसिद्धीस आले ते खऱ्या संकटात. ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई बेटांतील पर्ल हार्बरवर जपानी विमाने आली, तेव्हा बिनतारी संदेशात हे शब्द मुद्दाम घालावे लागले; कारण नित्याच्या कवायतींना सरावलेल्या अनेकांना तीही एक कवायतच वाटली होती. पुढे कथालेखकांनी ते वाक्य उचलले, आणि तेथेच गोम आहे. जे वाक्य कल्पित कथेतले पात्रही तितक्याच गांभीर्याने बोलू शकते, ते खरेपणाची साक्ष कशी देणार?

३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीचे नभोनाट्य सादर केले. नृत्यसंगीत मध्येच थांबवून मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची बातमी द्यायची, अशी त्याची रचना होती. हे नाटक आहे, असे आरंभी सांगितले होते. पण उशिरा कान लावणारांनी ते ऐकलेच नाही. त्या रात्रीच्या घबराटीची वर्णने वृत्तपत्रांनी फुगविली, असे अभ्यासक आता म्हणतात. परंतु १९४९ च्या फेब्रुवारीत एक्वादोरच्या कितो शहरी हेच नाट्य स्पॅनिशमध्ये झाले, तेव्हाचा अनर्थ खरा होता. आपण फसलो हे कळताच संतप्त जमावाने नभोवाणीची इमारत पेटविली आणि त्यात माणसे मेली.

याहून बोधप्रद प्रकार १३ जानेवारी २०१८ चा. त्याच हवाई बेटांत क्षेपणास्त्र येत असल्याचा आणि ‘हा सराव नव्हे’ असा इशारा लोकांच्या फोनवर गेला. प्रत्यक्षात चालला होता तो सरावच! सरावाच्या ध्वनिमुद्रित संदेशाच्या आरंभी व शेवटी ‘सराव’ हा शब्द होता, पण मध्यभागी नेमके हेच वाक्य होते. एका कर्मचाऱ्याने तेवढेच खरे धरले. ‘इशारा खोटा होता’ हा खुलासा लोकांच्या फोनवर येण्यास ३८ मिनिटे लागली. तेवढा वेळ आईबापांनी मुलांना कवटाळून काढला, आमच्या आजींसारखाच.

७ मे २०२५ रोजी आपल्या देशात नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्याच दिवशी पहाटेपूर्वी सीमेपलीकडे खरी लष्करी कारवाई झाली होती. खरे आणि सराव इतके जवळ आले असताना भोंग्याचा अर्थ लोकांना कळला, कारण सराव कधी व कशासाठी, हे आधीच जाहीर केले होते. ‘हा सराव आहे’ हे जेथे नेहमी प्रामाणिकपणे सांगितले जाते, तेथेच ‘हा सराव नव्हे’ या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात.

म्हणून आमच्या नाटकवाल्या मंडळींना एवढेच विनवावेसे वाटते. रंगभूमीवर युद्ध आणा, आग आणा, पूर आणा. पात्रांच्या तोंडी हवे ते शब्द घाला. पण खऱ्या संकटात जो भोंगा आपणांस उठविणार, तो तेवढा खेळात वापरू नका. लांडग्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो. तिच्यात अखेर लांडगा खराच येतो, हे मोठ्यांनी विसरू नये.

त्या मंडळींनी भोंगा काढून टाकला. प्रयोगात त्या ठिकाणी एक वृद्धा उठते आणि निमूट दिवा मालवते. आजी पुढच्या रांगेत होत्या. या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत.